बंगालचे नरसय्या

पांचाळ सर शब्दकोडं सोडवायचे आणि सोडवून झालं की पुसून टाकायचे. अकरा वर्षं मी हे पाहत होतो, आणि अकरा वर्षं माझी समजूत अशी की त्यांना ते येत नाही, म्हणून पुसतात.

अहमदपूरच्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत पेपर एकच यायचा, नांदेडहून निघणारा. सव्वीस शिक्षकांत एक पेपर म्हटल्यावर त्याच्या वाटण्या आपोआप झाल्या होत्या. खेळाचं पान पी.टी.च्या सरांचं, बाजारभावाचं गणिताच्या सरांचं, आणि शब्दकोड्याचं माझं. तसा काही ठराव नव्हता झालेला. पण मी मराठीचा शिक्षक, एम.ए.ला बऱ्यापैकी नंबरात आलेला. शब्दांचा सातबारा आपल्याच नावावर आहे अशा थाटात मी वावरायचो आणि बाकीचे चालवून घ्यायचे. मी कोडं पेननं सोडवायचो. मोठ्यानं बोलत, टेबलावर बोटं वाजवत, एखादा शब्द सापडला की सगळ्या खोलीकडे बघत. आता आठवलं की अंगाचा संकोच होतो.

पांचाळ सर चित्रकलेचे. शाळेत सगळ्यांच्या आधी, आठच्या सुमाराला यायचे, कारण फाटकाजवळचा फळा त्यांच्याकडे होता. आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोण पाहुणे येणार, कोणत्या विद्यार्थ्यानं काय मिळवलं, हे सगळं त्या फळ्यावर रंगीत खडूनं त्यांनी लिहायचं आणि सोबत चित्र काढायचं. दीड-दीड तास खपून काढलेलं ते चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं तेच पुसायचे. मी एकदा म्हणालो, "सर, जिवावर येत नाही का हो?" तर म्हणाले, "कामून येईल? उद्याच्याला जागा लागती की."

बुटके, सावळे, डोक्यावर टोपी नाही पण कपाळावर टोपीची असावी तशी एक फिकट रेघ. तरुणपणी कधी तरी उन्हातान्हात ती उमटलेली असणार. शर्टाच्या खिशात बोटभर पेन्सिल. इतकी आखूड की दुसऱ्या कोणाला ती धरताही आली नसती. ब्लेडनं तिला टोक काढायचे आणि टोक काढताना बोलायचे नाहीत. रबराचा भुगा फुंकून द्यायचे नाहीत; कागदाच्या घडीत गोळा करायचे आणि बाहेर नेऊन झाडाच्या बुडाशी टाकायचे. बोलणं कमी, आणि बोलले की निम्म्या वेळा सुरुवात ठरलेली, "आमचे मास्तर म्हनायचे..." रेघ ओढताना श्वास धरू नये, असं मास्तर म्हणायचे. काळा रंग सगळ्यात शेवटी उघडावा, असं मास्तर म्हणायचे. पाटी रंगवायला बसलं की दुकानदाराचा चहा आधी पिऊ नये, नाहीतर घाई होते, असंही मास्तर म्हणायचे. हे मास्तर कोण, कुठले, नाव काय, हे अकरा वर्षांत आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

त्यांच्या तासाला शाळेत किंमत नव्हती. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की मी चित्रकलेच्या तासाला वर्गाच्या दारात उभा राहायचो. "सर, आजचा तास देता का?" मुलांनी चित्रकलेच्या वह्या उघडलेल्या असायच्या, कोणी वाटीत पाणी आणलेलं असायचं. सर एकदा मुलांकडे बघायचे आणि म्हणायचे, "घ्या की. भाषा म्हत्वाची हाय." पाण्याच्या वाट्या ते स्वतः गोळा करून न्यायचे. मी असे किती तास घेतले असतील त्याला गणती नाही, आणि एकदाही परत दिला नाही.

तर ते कोडं. एका सकाळी मी जरा लवकर शाळेत पोचलो, तर पांचाळ सर खिडकीशी बसून कोड्याच्या पानावर रबर चालवत होते. मी मजेत म्हणालो, "काय सर, जमलं नाही वाटतं?"

"जमलं न जमलं, तुमच्यासाठी कोरं करून राहिलो," ते म्हणाले. "तुमाला कोरं लागतंय."

मला तो विनोद वाटला. मधल्या सुट्टीत मी तो सगळ्यांना सांगितला, वर स्वतःची भर घालून, आणि खोली हसली. सरही हसले. मग मी नेहमीसारखं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर कोडं सोडवायला बसलो. त्या दिवशी एका शब्दावर अडलो. बैलाच्या नाकातली दोरी, तीन अक्षरी. मी वाढलो लातूरच्या गल्लीत. बैल पाहिला तो पोळ्याच्या दिवशी रस्त्यावरून जाताना. मी अडलो हे कळू नये म्हणून चहा मागवला. पांचाळ सर शेखमामांशी बोलायला लागले. शेखमामा आमचे शिपाई. "मामा, पोळा आलाय. मेव्हणा म्हनत होता, यंदा वेसण नव्या कराव्या लागतेत." शेखमामा म्हणाले, "सर, मेरेकू क्या मालूम, मेरेकन तो बकरी है." मी मुकाट्यानं तीन घरं भरली आणि दोन मिनिटांनी मोठ्यानं म्हणालो, "झालं बुवा!"

असं किती वेळा झालं असेल! त्या वेळी मला खरोखर वाटायचं की शब्द माझा मलाच सुचला.

मग त्या पेपरनं एका रविवारच्या पुरवणीत मोठं कोडं छापलं. विषय जगातले नामवंत चित्रकार, आणि सगळी सूत्रं कोट्यांची. एक सूत्र होतं, 'कानाला खडा लावायचा सोडून कानच उतरवला, आला मात्र चारचाकी गाडीतून.' दुसरं, 'दादाला विंचू चावला, पण पुरता नाही. बाई तेव्हापासून गालातल्या गालात हसते.' उत्तरं मी इथे देत नाही. उत्तर सांगितलं की समोरच्याची मजा जाते, असं पांचाळ सरांचं मत होतं, आणि त्यांच्या मताला निदान एवढा तरी मान आता द्यावा म्हणतो. अट अशी होती की छापील चौकट कापूनच पाठवायची, झेरॉक्स चालणार नाही. विजेत्याचा सत्कार त्याच्या गावी येऊन करणार होते.

मी स्टँडवरून स्वतंत्र अंक विकत आणला. रविवारभर बसलो. चाळिसातली तेरा उत्तरं आली. कोट्या मला कळत होत्या, पण चित्रकारांची नावंच माहीत नव्हती. बायको म्हणाली, "तुमच्या पांचाळ सरांना विचारा की, त्यांचाच विषय आहे."

"त्यांना काय येतंय," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या घरात, माझ्या तोंडून निघालेलं आहे. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

सोमवारी शाळेत गेलो तर रविवारची पुरवणी टेबलावर घडी घालून ठेवलेली. कोड्याची चौकट कोरी होती, पण कागद तिथे जरा करडा पडला होता. मी ती सहज उचलली आणि खिडकीशी नेली. पुरवणीचा कागद हलका असतो, पेन्सिलीचा दाब धरून ठेवतो. तिरप्या उजेडात एकेक अक्षर वर आलं. चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या होत्या. एकही खोडाखोड नव्हती, एकही अक्षर डळमळीत नव्हतं. तो माणूस शाळा उघडण्याआधीच्या दीड तासात, चित्र काढून झाल्यावर, ते सगळं भरून पुसून मोकळा झाला होता.

माझ्या तेव्हा काय मनात आलं ते खरं सांगतो. सरांबद्दल आदर वाटला नाही. राग आला. मग भीती वाटली की आणखी कोणी हे उजेडात धरेल. आणि मग मी स्वतःला समजावलं की सर कुठे हे पाठवणार आहेत, त्यांनी तर पुसून टाकलंय. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसून मी सगळी उत्तरं उतरवली, घरी माझ्या अंकात निळ्या पेननं भरली आणि चौकट कापून नांदेडला पाठवली. शाळेतल्या प्रतीवर मी चहा सांडला. चुकून सांडला असं शेखमामांना सांगितलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मी पहिला होतो.

मुख्याध्यापकांना आनंद झाला. संपादक स्वतः येणार म्हटल्यावर कार्यक्रम ठरला, शाल-श्रीफळ ठरलं, आणि फळा तर होताच. आदल्या दिवशी पांचाळ सर खडूंचा डबा घेऊन माझ्याकडे आले. "नावामागं 'श्री' लावू का 'आदरणीय'?"

"काहीही लावा हो," मी म्हणालो. त्यांच्याकडे बघणं मला जमलं नाही.

सकाळी फाटकातून आत शिरताना फळा पाहिला. 'आमच्या शाळेचे मराठीचे अध्यापक श्री. देशपांडे सर यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली रंगांची पाटी, ब्रश, आणि एक उघडं पुस्तक. माझं नाव त्यांनी दोन रंगांत, सावली देऊन लिहिलं होतं. एवढं सुंदर माझं नाव कधी कोणी लिहिलं नव्हतं. मुलं मला त्याच्यासमोर उभं करून मोबाइलवर माझे फोटो काढत होती. मी हसत होतो.

कार्यक्रमात संपादक छान बोलले. कोणाचंच कोडं पूर्ण बरोबर आलं नव्हतं, देशपांडे सरांची एकोणचाळीस उत्तरं बरोबर, एकच चुकलं, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "पण सर, तुमचं ते एक उत्तर आम्हाला सापडेना. आडवा सव्वीस. तुम्ही लिहिलंय 'नरसय्या'. चार घरांत बसतंय, उभ्या शब्दांशी जुळतंय. पण हे चित्रकार कोण? आम्ही सगळीकडे शोधलं."

मी ते नाव उतरवताना क्षणभर थांबलो होतो, पण बाकीच्या एकोणचाळिसांवर इतका विश्वास बसला होता की हेही कोणी तरी मोठं असणार असं धरून चाललो होतो. आता अख्खी शाळा माझ्याकडे बघत होती. मी माइक घेतला आणि म्हणालो, "नरसय्या हे बंगालचे थोर चित्रकार. आपल्याकडे त्यांची फारशी माहिती नाही, ही आपली उदासीनता आहे."

टाळ्या पडल्या. संपादकांनी वहीत टिपून घेतलं. शिक्षकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर पांचाळ सर बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली हातांकडे बघत राहिले. त्यांच्या बोटांना अजून खडूचा रंग होता. त्या घटकेला मला कळलं की नरसय्या कोण हे या मांडवात एकाच माणसाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, आणि बातमीत बंगालही आलं. पांचाळ सरांनी सकाळी नेहमीसारखा फळा पुसला. मी आठवडाभर त्यांना टाळलं. मग एका दुपारी त्यांनीच मला गाठून चित्रकलेच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं.

"सर, एक बोलू का? राग धरू नका."

"बोला ना."

"नरसय्या मास्तर आमचे. हिमायतनगरचे. दुकानाच्या पाट्या रंगवायचे, देवळाच्या भिंती, लग्नाघरी दारावरचा गनपती. मी दहा वर्सं त्यांचा रंगाचा डबा धरला. सगळं त्यांनीच शिकवलं. त्या कोड्यात एक उत्तर मला यीना. चार घरं होती, मास्तराचं नाव बसलं, म्हनून घातलं. पुसायचंच तर होतं. म्हनलं, घडीभर मास्तर बी मोठ्यांच्या पंगतीला बसतेत."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात केला.

"ते जाऊ द्या. तुमी कसं वाचलं, कामून वाचलं, मला त्येचं काय न्हाई. माझ्या हातानं मास्तराचं नाव पेपरात कवाच गेलं नसतं. पण मास्तराची पोरगी हाय, मुदखेडला दिलेली. तिनं पेपर वाचला. लई खूश होऊन मला फोन केला, बाबाचं नाव आलंय म्हनून. आन् मग तीच म्हनली, पर काका, हे तर बंगालचे म्हनतेत. दुसरेच कुनी असतील. मी तिला सांगितलं, थांब बाई, दुरुस्ती येईल. तर तेवढं बंगाल काढा सर. बाकी काई लिहू नका. माझं नाव बी नको."

"लिहितो," मी म्हणालो. "याच रविवारी लिहितो."

मला हे अवघड नव्हतं. सत्कारानंतर संपादकांनी मला रविवारचं सदर दिलं होतं, भाषेबद्दल, दर आठवड्याला पाचशे शब्द. त्यात दोन ओळी कुठेही बसल्या असत्या. पण नरसय्या हिमायतनगरचे पाट्या रंगवणारे होते असं लिहिलं की माइकवर मी खोटं बोललो हे उघड होणार. आणि पांचाळ सर हिमायतनगरचे हे मुख्याध्यापकांना माहीत. पुढचं गणित कोणालाही जमलं असतं. म्हणून या रविवारी नको, पुढच्या रविवारी. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, आता विषय जुना झाला, लोक विसरले. सदर चार वर्षं चाललं. दोनशेच्या आसपास लेख झाले. म्हणींवर लिहिलं, गावांच्या नावांवर लिहिलं, एकदा तर प्रामाणिक भाषेवरही लिहिलं.

सरांनी तगादा लावला नाही. एकदाच, निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर, फाटकाजवळ म्हणाले, "ते राहिलंय बरं का सर."

"येतंय, पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.

"हाव. घाई न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या निरोपाचं फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कोण? आमच्यापैकी कोणाच्या हे लक्षातही आलं नाही, शेखमामांनी म्हटल्यावर आलं.

सर नंतर नांदेडला मुलाकडे राहायला गेले. तिथेच ते वारले, त्याला आता दोन वर्षं झाली. मला पंधरा दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, इथे लिहितो आहे. गेल्या महिन्यात मी मुदखेडला जाऊन आलो. नरसय्यांच्या मुलीचं घर विचारत गेलो तर कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, ती लेकाकडे पुण्याला गेली, आता इकडे येणं होत नाही. माझ्या हातात देण्यासारखं तसंही काही नव्हतं.

म्हणून आता लिहितो. नरसय्या बंगालचे नव्हते. ते नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरचे होते, दुकानांच्या पाट्या आणि देवळांच्या भिंती रंगवत होते, आणि त्यांचं नाव त्या कोड्यात त्यांचे शिष्य पांचाळ यांनी लिहिलं होतं. बाकीची एकोणचाळीस उत्तरंही त्यांचीच. माझं त्यात काही नव्हतं.

सर जाण्याच्या आधीच्या वर्षी मी त्यांना एकदा पाहिलं होतं. नांदेडला एका लग्नाला गेलो होतो, रविवारी सकाळी परत निघालो, स्टँडवर लातूरच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. गाडी भरायला वेळ होता. समोर पेपरच्या स्टॉलवर पांचाळ सर उभे दिसले. खूप वाळले होते. त्यांनी पेपर घेतला आणि शेजारच्या बाकावर बसले. मला वाटलं, आता पेन्सिल काढतील. त्यांनी कोड्याचं पान उघडलं नाही. पुरवणी काढली, माझा फोटो असलेलं सदर समोर धरलं, चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट एकेक ओळ खाली उतरत होतं. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं, मग ते पुन्हा वर पहिल्या ओळीवर गेलं.

मी खिडकीतून हाक मारली असती तर त्यांना सहज ऐकू गेली असती. मी काच ओढून घेतली आणि गाडी सुटेपर्यंत मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत बसलो.